अमेरिकेचं मुलाम्याचं युग (१८६५ ते १९०१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा इतिहास म्हटला की आपल्याकडे दोनच दिवे लागतात. एक लिंकनचा आणि दुसरा थेट महायुद्धांचा. मधली पस्तीस-चाळीस वर्षं अंधारात राहतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं 'रॉकफेलर: तेल, कार्नेगी: पोलाद' एवढं पाठ करून पुढे सरकतात. पण आजची अमेरिका घडली ती याच वर्षांत. वर्गात आणि वर्गाबाहेर मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण प्रकरणच तसं आहे.

'गिल्डेड एज' हे नाव कुठून आलं?

१८७३ साली मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी मिळून एक कादंबरी लिहिली. जमिनीचे सट्टे, वशिलेबाजी आणि वॉशिंग्टनमधले लाचखाऊ पुढारी हा तिचा विषय. तिचं नावच पुढे त्या काळाला चिकटलं. गिल्डेड म्हणजे सोन्याचं नव्हे, सोन्याचा मुलामा दिलेलं. याचं भाषांतर कोणी 'सुवर्णयुग' केलं तर समजावं, विनोद हुकला. आपल्याकडचं 'वरून कीर्तन, आतून तमाशा' त्याच्या जास्त जवळ जातं.

साधारणपणे १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यापासून १९०१ पर्यंतचा हा काळ. काही इतिहासकार १८७७ पासून मोजतात. त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

युद्धात होरपळलेल्या देशात एवढा पैसा आला कुठून?

कोळसा, लोखंड, तेल, सुपीक जमीन आणि युरोपातून येणारे मजूर ही उत्तरं पुस्तकात सापडतात, आणि ती बरोबरही आहेत. पण या सगळ्याला एकत्र बांधणारी दोरी होती रेल्वेची. १८६५ मध्ये अमेरिकेत सुमारे ३५,००० मैल लोहमार्ग होते. १९०० पर्यंत ते १,९०,००० मैलांच्या पुढे गेले. १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रोमोंटरी समिट इथे पूर्वेकडून आलेली युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक यांचे रूळ जोडले गेले, आणि शेवटचा सोन्याचा खिळा सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्ड यांनी ठोकला. सेंट्रल पॅसिफिकसाठी सिएरा नेवाडाच्या डोंगरात सुरुंग लावणारे दहा हजारांहून जास्त चिनी मजूर होते. त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रात ते जवळजवळ दिसतच नाहीत.

आता पैशाचं. हे लोहमार्ग शूर भांडवलदारांनी स्वतःच्या हिमतीवर टाकले, अशी एक आवडती दंतकथा आहे. प्रत्यक्षात संघराज्य सरकारनं रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर जमीन फुकट दिली. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ साडेसात कोटी एकरांच्या थोडं वर आहे, म्हणजे जवळपास पावणेदोन महाराष्ट्र! शिवाय पॅसिफिक मार्गासाठी सपाटीवर मैलाला १६,०००, मधल्या प्रदेशात ३२,००० आणि डोंगरात ४८,००० डॉलर असं कर्जही दिलं. मैलावर पैसे मिळणार म्हटल्यावर वळणं वाढली, हे ओघानंच आलं.

युनियन पॅसिफिकच्या धुरिणांनी आणखी एक शक्कल लढवली. 'क्रेडिट मोबिलिए' नावाची बांधकाम कंपनी काढून स्वतःच स्वतःला कंत्राटं दिली, फुगवलेली बिलं लावली आणि संसद सदस्यांनी चौकशी करू नये म्हणून त्यांना शेअर स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रात फुटलं.

रेल्वेनं घड्याळसुद्धा बदललं. तोवर प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्यावर चालायची. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी परस्पर देशाचे वेळपट्टे पाडले. संसदेनं त्याला कायद्याचं रूप दिलं ते थेट १९१८ मध्ये.

'ट्रस्ट' म्हणजे धर्मादाय संस्था ना? मग लोक ट्रस्टविरुद्ध का चिडले होते?

हा गोंधळ आपल्याकडे हमखास होतो, कारण आपला ट्रस्ट देवळाचा नाहीतर शाळेचा. इथला ट्रस्ट वेगळा. एकाच धंद्यातल्या अनेक कंपन्यांचे भागधारक आपले शेअर मोजक्या विश्वस्तांच्या हाती सोपवतात आणि ते विश्वस्त सगळ्या कंपन्या एक असल्यासारख्या चालवतात. कागदावर पंचवीस कंपन्या, प्रत्यक्षात एकच मालक. स्टँडर्ड ऑइलनं १८८२ मध्ये ही वाट दाखवली. मग साखर, दारू, शिसं अशा धंद्यांत तिचं अनुकरण झालं.

रॉकफेलर आणि कार्नेगी हे लुटारू होते की उद्योजक?

दोन्ही, आणि एकाच वेळी. जॉन रॉकफेलर यांनी १८७० मध्ये क्लीव्हलँडला स्टँडर्ड ऑइल काढली. तेल शुद्ध करताना वाया जाणाऱ्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारा हा माणूस, आणि दिव्याचं तेल खरोखरच स्वस्त झालं. गरिबाच्या घरात रात्री उजेड आला, हे नाकारता येत नाही. पण त्यांचं खरं हत्यार होतं रेल्वेकडून मिळणारी गुप्त सूट. त्यांचं तेल स्वस्तात जायचं, प्रतिस्पर्ध्याचं पूर्ण भाड्यानं. इतकंच नव्हे, प्रतिस्पर्ध्याच्या भाड्यातलाही वाटा आपल्याला मिळावा असा बेत १८७२ मध्ये आखला गेला. तो बोभाटा होऊन फसला, तोवर क्लीव्हलँडमधल्या २६ पैकी २२ प्रतिस्पर्धी कारखाने त्यांच्या खिशात आले होते. १८८० च्या दशकात देशातलं सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरण त्यांच्या हाती होतं.

(जाता जाता: आपला 'रॉकेल' हा शब्द 'रॉक ऑइल'वरून आलाय, रॉकफेलरवरून नाही. मलाही लहानपणी तसंच वाटायचं.)

अँड्र्यू कार्नेगी यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. स्कॉटलंडमधल्या विणकराचा मुलगा १८४८ मध्ये अमेरिकेत आला आणि कापडगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर कामाला लागला. १९०१ मध्ये त्यानं आपला पोलादाचा धंदा सुमारे ४८ कोटी डॉलरना विकला. श्रीमंत मेला तो माणूस लाजिरवाणा मेला, अशा आशयाचं त्यानं लिहिलं आणि जगभर अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालयांना पैसा दिला. त्यातलं एक १८९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या पोलाद कामगारांसाठी उघडलं. हे कामगार दिवसाला बारा तास भट्टीपुढे उभे असत. पुस्तक वाचायचं कधी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

होमस्टेडला नेमकं काय झालं?

१८९२ मध्ये मजुरीचा करार संपत आला तेव्हा कार्नेगी स्कॉटलंडला सुट्टीवर होते आणि कारभार हेन्री क्ले फ्रिक यांच्याकडे. फ्रिक यांनी कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, टाळेबंदी जाहीर केली आणि पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीची ३०० हत्यारबंद माणसं रात्रीतून मोठ्या होड्यांनी नदीमार्गे आणली. ६ जुलैच्या पहाटे काठावर सगळं गाव जमलं होतं, बायकापोरांसकट. दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली आणि अखेर पिंकर्टनवाले शरण आले. लढाई कामगारांनी जिंकली. मग राज्याच्या गव्हर्नरनं ८,००० हून जास्त सैनिक पाठवले, त्यांच्या पहाऱ्यात संपफोडे आत गेले आणि संघटना मोडली. पिट्सबर्गच्या पोलादात पुढची चाळीसएक वर्षं संघटनेला पाय रोवता आले नाहीत.

१ मे चा कामगार दिन अमेरिकेतून आला, मग अमेरिकेतच तो का पाळत नाहीत?

आपल्याकडे १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, झेंडावंदन आणि सुट्टी. त्यामागचं शिकागो बहुतेकांना माहीत नसतं. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकाभर तीन लाखांच्या आसपास कामगारांनी काम बंद केलं. ३ तारखेला शिकागोत मॅककॉर्मिक कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेध सभा झाली. सभा संपत आलेली, पाऊस लागलेला, पोलीस पांगवायला आले आणि कुणीतरी बॉम्ब फेकला. सात पोलीस मेले.

बॉम्ब कुणी फेकला हे कधीच सिद्ध झालं नाही. तरी आठ अराजकवाद्यांवर खटला चालला, मुख्यतः त्यांच्या भाषणांसाठी आणि लेखांसाठी. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी झाली, एकानं त्याआधीच तुरुंगात जीव दिला. १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना सोडलं आणि खटलाच अन्यायाचा होता असं लेखी म्हटलं. त्यांची राजकीय कारकीर्द तिथेच संपली म्हणायला हरकत नाही.

१८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी १ मे हा दिवस निवडला. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानं मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. अमेरिकन सरकारला मात्र हेमार्केटची आठवण नको होती. १८९४ मध्ये त्यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगारांना देऊन टाकला.

आणि तो दिला केव्हा? शिकागोजवळ पुलमन डबे कारखान्याचा संप ऐन भरात असताना! पुलमन कंपनीनं मजुरी सरासरी २५ टक्के कापली, पण कामगार ज्या कंपनीच्या घरांत राहत त्यांचं भाडं एका सेंटनंही उतरवलं नाही. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे संघटनेनं पुलमन डबे जोडलेल्या गाड्या अडवल्या. सरकारनं टपाल अडल्याचं कारण पुढे केलं, न्यायालयातून मनाईहुकूम आणला आणि गव्हर्नर आल्टगेल्ड यांचा विरोध असताना लष्कर उतरवलं. ही सूत्रं हलवणारे ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे स्वतः रेल्वे कंपन्यांचे जुने वकील.

तेव्हा तर खुला बाजार होता ना? सरकार मध्ये पडत नसे असं वाचलंय.

या पानावरचा माझा सगळ्यात नावडता प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा.

सरकार पदोपदी मध्ये पडत होतं. रेल्वेला जमीन सरकारनं दिली. परदेशी पोलाद महाग पडावं म्हणून जबर आयातकर सरकारनं लावला आणि त्याच्या सावलीत कार्नेगी वाढले. १८७७ च्या देशव्यापी रेल्वे संपापासून संप मोडायला सैन्य सरकारनंच पाठवलं. गरिबांना मदत, कामाच्या तासांवर मर्यादा, मजुरांची सुरक्षा हे विषय निघाले की तेवढं सरकारला 'खुला बाजार' आठवायचा.

शर्मन कायद्याची कथा याचा उत्तम नमुना. मक्तेदाऱ्या मोडण्यासाठी तो १८९० मध्ये झाला. १८९५ मध्ये देशातल्या साखर शुद्धीकरणाचा सुमारे ९८ टक्के हिस्सा बळकावलेल्या साखर ट्रस्टविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, कारखान्यात साखर बनवणं हे उत्पादन आहे, आंतरराज्य व्यापार नव्हे, कायदा लागू नाही. पुलमन संपात मात्र खालच्या न्यायालयानं याच कायद्याचा आधार घेऊन कामगार संघटनेला बांधलं होतं. त्याच १८९५ मध्ये श्रीमंतांवरचा २ टक्के आयकरही सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला.

शेतकरी का भडकले? त्यांच्याकडे तर १६० एकर जमीन होती.

सरकारी जमीन वाटणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं (पोलादाच्या होमस्टेड गावाशी याचा संबंध नाही) १६० एकर मिळत खरी, पण कॅन्ससच्या कोरड्या माळावर १६० एकर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. भाव सतत उतरत होते. १८९४ मध्ये कापूस पौंडाला पाच सेंटांच्या खाली गेला. कर्ज मात्र डॉलरमध्ये घेतलेलं, आणि डॉलर दरवर्षी महाग होत चाललेला. दक्षिणेत तर दुकानदार बी-बियाणं, मीठ-पीठ उधार द्यायचा आणि बदल्यात उभं पीक गहाण ठेवून घ्यायचा. हंगामाच्या शेवटी हिशेब व्हायचा तो दुकानदाराच्या वहीतून.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं, कारण धागा एकच आहे. यादवी युद्धात अमेरिकन कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस उचलला, मुंबईत शेअरचं वेड पसरलं आणि दख्खनच्या शेतकऱ्यालाही सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यात सरकारनं शेतसारा वाढवला, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. टेक्सासचे शेतकरी त्यानंतर दोन वर्षांनी लॅम्पासस परगण्यात एकत्र आले. त्या बैठकीतून पुढे फार्मर्स अलायन्स वाढली आणि १८९२ मध्ये पॉप्युलिस्ट पक्ष उभा राहिला.

ओमाहात ४ जुलै १८९२ ला त्यांनी मांडलेल्या मागण्या: रेल्वे सरकारी मालकीची करा, जास्त उत्पन्नावर जास्त कर लावा, सेनेटर थेट लोकांनी निवडावेत, चांदीची नाणी मुक्तपणे पाडा. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांहून जास्त मतं पडली. वर्तमानपत्रांनी त्यांना खुळ्यात काढलं. यातल्या आयकर आणि सेनेटर निवडणूक या दोन गोष्टी १९१३ मध्ये घटनादुरुस्तीनं आल्या.

चांदीचा एवढा काय वाद होता?

१८७३ च्या नाणेकायद्यानं चांदीचा डॉलर बंद झाला. सोनं कमी, म्हणून चलन कमी, म्हणून भाव कमी आणि कर्ज जड. चांदी आली तर चलन फुगेल, भाव चढतील, असं शेतकऱ्यांचं गणित. बँकवाल्यांना नेमकं तेच नको होतं.

यात आपला एक दुवा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. आपला रुपया तेव्हा चांदीचा होता. मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळी चांदी घेऊन कुणालाही रुपये पाडून देत. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारनं हे बंद केलं. जगातला मोठा गिऱ्हाईक उठून गेल्यासारखं झालं, चांदी काही दिवसांत कोसळली आणि कोलोरॅडोच्या खाणी बंद पडू लागल्या. अमेरिकेत त्याच वर्षी आर्थिक अरिष्ट सुरू झालं होतं, त्यात ही भर.

१८९६ हे अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात ३६ वर्षांच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायननं मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, असं भाषण करून सभा जिंकली. आगगाडीतून १८,००० मैल हिंडला. समोर रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅककिन्ली, आपल्या घराच्या ओसरीत बसून प्रचार करणारे, आणि त्यांच्यासाठी उद्योगपतींकडून सुमारे ३५ लाख डॉलर गोळा करणारे मार्क हॅना. ओसरी जिंकली.

गुलामगिरी तर संपली होती. मग कृष्णवर्णीयांचं पुढे काय झालं?

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं कित्येक कृष्णवर्णीयांना मारलं, बऱ्याच जणांना शरण आल्यावर. सर्वोच्च न्यायालयानं १८७६ मध्ये दोषींना सोडलं. फुल्यांपर्यंत हे पोचलं असेल असं वाटत नाही. त्यांनी ज्यांचं कौतुक केलं ते लोक खरेच होते, पण त्यांचा जोर ओसरत चालला होता.

१८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. रिपब्लिकन पक्षाचे हेज १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आले आणि दोन पक्षांतल्या सौद्याचा भाग म्हणून दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारं लष्कर मागे घेण्यात आलं. कृष्णवर्णीय बहुतेक करून दुसऱ्याची जमीन बटाईनं कसत होतेच, आता त्यांचा मताचा हक्कही हिरावला जाऊ लागला. १८९० मध्ये मिसिसिपीनं मतदानासाठी दोन डॉलरचा कर आणि वाचन परीक्षा आणली. परीक्षेत कोण पास, ते गोरा कारकून ठरवणार. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून जास्त कृष्णवर्णीय मतदार नोंदले होते. १९०० मध्ये उरले सुमारे ५,०००. १८९६ मध्येच प्लेसी खटल्यात न्यायालयानं रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरवले. सातविरुद्ध एक, विरोध एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांचा.

आणि मूळ रहिवासी?

रेल्वेला दिलेली जमीन कुणाची होती, हा तो प्रश्न. १८८७ च्या डॉस कायद्यानं जमातीच्या सामाईक जमिनी कुटुंबागणिक तोडल्या आणि 'शिल्लक' गोऱ्यांना विकल्या. त्या वर्षी १३.८ कोटी एकर जमातींकडे होती, १९३४ मध्ये ४.८ कोटी. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी इथे सैन्यानं लकोटा लोकांवर तोफा चालवल्या. मेलेल्यांत बायका आणि मुलं पुष्कळ होती.

बाहेरून येणाऱ्यांना दार उघडं होतं का?

युरोपीयांना होतं. १८८० ते १९०० मध्ये सुमारे ९० लाख लोक आले. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडचा दरवाजा १ जानेवारी १८९२ ला उघडला. चिनी मजुरांना मात्र १८८२ च्या कायद्यानं बंदी, ती टिकली १९४३ पर्यंत. ज्यांनी डोंगर फोडले त्यांनाच.

राजकारणी इतके भ्रष्ट का होते?

नोकऱ्या पक्षाच्या हातात होत्या, म्हणून. निवडणूक जिंकली की टपालमास्तरापासून जकात अधिकाऱ्यापर्यंत सगळे बदलायचे, आणि ज्याला नोकरी मिळेल त्यानं पगारातून पक्षाला वर्गणी द्यायची. जुलै १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या गिटो नावाच्या माणसानं अध्यक्ष गारफिल्डवर गोळी झाडली. त्या धक्क्यातून १८८३ चा पेंडल्टन कायदा आला आणि काही पदं परीक्षेनं भरली जाऊ लागली. त्याचा उलटा परिणाम असा की कर्मचाऱ्यांची वर्गणी आटली तेव्हा पक्ष पैशासाठी कंपन्यांच्या दारात गेले. मार्क हॅना त्यातूनच घडले.

त्या अमेरिकेत कुणी मराठी माणूस गेला होता का?

माणूस नव्हे, बायका. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाई वर्षभरातच पुण्याला क्षयानं गेल्या. रमाबाई राहिल्या, देशभर व्याख्यानं देत हिंडल्या, दारूबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली. परतल्यावर १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. बायकांना तेव्हा अध्यक्ष निवडायचा हक्क नव्हता, मत होतं ते वायोमिंगसारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणी. पण सभा, वर्गणी, ठराव आणि हिशेब हे बायका स्वतः चालवतात, हे रमाबाईंच्या नजरेनं नेमकं टिपलं. बोस्टनमध्ये उभ्या राहिलेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

हे युग संपलं कधी?

१९०१ हे सोयीचं वर्ष. त्या वर्षी बँकर जे. पी. मॉर्गन यांनी कार्नेगींचा धंदा घेऊन १४० कोटी डॉलर भांडवलाची यू. एस. स्टील उभारली आणि सप्टेंबरमध्ये बफेलो इथे अध्यक्ष मॅककिन्लींचा खून झाला. ४२ वर्षांचे उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मॉर्गन यांच्या रेल्वे मक्तेदारीवर शर्मन कायद्याखाली खटला भरला. स्टँडर्ड ऑइलची पाळी १९११ मध्ये आली. न्यायालयानं तिचे ३४ तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचे शेअर रॉकफेलर यांच्याकडे होतेच. बाजारात त्यांचे भाव चढले आणि म्हातारा आधीपेक्षा श्रीमंत झाला.